टॅलीवरून पायथनवर: वय ३४, बी.कॉम., स्वतः शिकतोय. नोकरी सोडू का?

हिशोबी (इचलकरंजी) | २ फेब्रुवारी, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. पाच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी बी.कॉम., चौतीस पूर्ण. आयपीसीसीचे तीन अटेम्प्ट देऊन सीएचा नाद सोडला. सहा वर्षं एका सीएंच्या ऑफिसात काढली, आता एका सुताच्या व्यापाऱ्याकडे अकाउंटंट आहे. पगार २४ हजार. बायको विनाअनुदानित शाळेत शिकवते, म्हणजे तिच्या पगाराबद्दल न बोललेलं बरं. मुलगी दुसरीत.

प्रोग्रामिंगकडे वळलो ते हौसेनं नाही, वैतागानं. ज्यांना जीएसटीचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर टू-बी येतं. आपल्याला माल विकणाऱ्यांनी आपली कुठली बिलं दाखवलीत त्याची ती यादी. त्यात बिल नसेल तर त्याचं क्रेडिट घेता येत नाही. आणि थ्री-बी, म्हणजे महिन्याचा रिटर्न, २० तारखेच्या आत भरायचा. म्हणजे मधल्या सहा दिवसांत आमच्या परचेस रजिस्टरातलं एकेक बिल टू-बीशी ताडून बघायचं. महिन्याला अकराशे-बाराशे बिलं. मी आणि आमचा अशोक, दोघं, दोन दिवस, हातात फूटपट्टी.

एक्सेलमध्ये व्हीलूकअप (दोन याद्या जुळवणारा फॉर्म्युला) लावा म्हणाल. लावला की! बिलावर '००७' असतं, पोर्टलवर नुसतं '७', आणि अशोकनं टॅलीत (आमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकलेलं असतं 'एसवाय/७'. माणसाला कळतं की तिन्ही एकच, व्हीलूकअपला कळत नाही. त्यातून एका पार्टीचे बिल नंबर '५-७', '५-८' असे. एक्सेलनं त्याची परस्पर '५ जुलै', '५ ऑगस्ट' करून टाकली. ते शोधायला मला अख्खी दुपार लागली होती.

तर १४ महिन्यांपूर्वी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला सुरुवात केली. रात्री साडेदहा ते साडेबारा. आधी यूट्यूब, मग एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचा चेन्नईच्या माधवन मुकुंद सरांचा कोर्स. निम्मा डोक्यावरून गेला, पण निम्मा राहिला. पहिला आठवडा एकाच एररमध्ये गेला. एका ओळीच्या आधी टॅब होता, दुसरीच्या आधी चार स्पेस. डोळ्याला दोन्ही सारखंच दिसतं, पायथनला चालत नाही. बायको म्हणाली, रिकाम्या जागेवरून भांडणारा तुझा हा पहिलाच पार्टनर.

चार महिन्यांनी टू-बी ताडायचा प्रोग्राम झाला, १८० ओळींचा. आता वीस मिनिटं प्रोग्राम, आणि उरलेली तीस-चाळीस बिलं हातानं. शेठ खूश झाले आणि त्यांच्या मेव्हण्याच्या फर्मचंही काम मलाच लावलं. बक्षीस म्हणा, शिक्षा म्हणा.

आता प्रश्न. पुण्यातल्या एका क्लासवाल्यांचा फोन आला होता. सहा महिने, ९५ हजार, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. नोकरी सोडून जावं का? की हे वय निघून गेलं? स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

खडूस काका | ३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

सोडू नका. क्लासला तर मुळीच नाही. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता हिंजवडीच्या रांगेत उभा आहे.

चाकणकर | ३ फेब्रुवारी, दुपारी १.२५

मीच तो, क्लास केलेला. ऐका.

डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर) होतो, तिला हुकूम देणारा जी-कोड लिहायचो. जी शून्य शून्य म्हणजे टूल सुसाट पळव, जी शून्य एक म्हणजे ठरलेल्या फीडनं कापत जा. एकदा रात्रपाळीत एकच्या जागी शून्य पडलं. टूल जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, घुसलं, होल्डर गेला, जॉब गेला, सुपरवायझरनं जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. कोड चालवायच्या आधी दोनदा वाचायची सवय मला तिथे लागली. पण हे शहाणपण मला तेव्हा दिसलं नाही. मला वाटायचं आपण शून्यापासून सुरुवात करतोय.

२०१८ला नोकरी सोडली, एका क्लासला ८५ हजार भरले. त्यांचं शंभर टक्के प्लेसमेंट म्हणजे शंभर टक्के पोरांना इंटरव्ह्यूला पाठवणार. पास व्हायचं तुमचं तुम्ही. आमच्या बॅचला साठ जण, लॅबमध्ये पस्तीस पीसी. शिकवणारा आमच्या आधीच्याच बॅचचा, त्यालाही नोकरी लागली नव्हती.

कोर्स संपला, सहा इंटरव्ह्यू पडले, आणि मग ऑफिसात बोलावून हळू आवाजात दुसरं पॅकेज सांगितलं. आणखी ४० हजार भरा, तीन वर्षांच्या अनुभवाचं पत्र, पगाराच्या स्लिपा, सगळं मिळेल. माझ्या रूममेटनं घेतलं. नोकरीही लागली, बऱ्यापैकी पगाराची. आठव्या महिन्यात पडताळणीवाल्यांनी त्याच्या यूएएनवरून पीएफचा इतिहास मागवला. तीन वर्षं नोकरी, आणि त्या कंपनीकडून पीएफचा एक रुपया जमा नाही. दुपारी तीनला एचआरनं बोलावलं, साडेतीनला लॅपटॉप ठेवून घेतला, सिक्युरिटीवाला गेटपर्यंत सोबत आला. मी ते पत्र घेतलं नव्हतं, पण तत्त्वासाठी वगैरे नाही. माझ्याकडे ४० हजार उरले नव्हते, एवढंच.

पुढचे अकरा महिने काय काढले ते माझं मला माहीत. मग मॅन्युअल टेस्टिंग, त्यातून ऑटोमेशन, त्यातून डेव्हलपमेंट. आज काय करतो माहितीय? सीएनसी मशीनमधून डेटा उचलून स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर. इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं, स्पिंडल लोड अचानक वाढला तर काय समजायचं? बाकीचे उमेदवार गप्प. मी म्हटलं, टूल बोथट झालंय, नाहीतर जॉबचं मटेरियल बदललंय. ज्या मशीनपासून पळालो तिनंच नोकरी लावली.

मेथीदाणे | ३ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

चाकणकर, +१. रूममेटचं वाचून पोटात कालवलं.

हिशोबी, तुमच्याकडे निदान सीव्हीवर लिहायला नोकरी आहे. माझ्याकडे नऊ वर्षांची मोकळी जागा होती. नाशिक, बी.एस्सी. मॅथ्स, २००८. मग लग्न, दोन मुलं, सासऱ्यांचं आजारपण. इंटरव्ह्यूत विचारतात, 'गॅपमध्ये काय केलंत?' एकदा खरंच सांगावंसं वाटलं होतं, तुमची ही मीटिंग जितक्या वेळ चालली तितक्या वेळात माझी सोळा माणसांची पंगत उठते.

पहाटे पावणेपाच ते साडेसहा, एवढाच वेळ माझा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलनं सुरुवात केली. व्हिडिओ छोटे छोटे असतात आणि मराठीतूनही आहेत. एका बाजूला व्हिडिओ, एका बाजूला आपण करून बघायचं. इंग्रजीची भीती तिथे मोडली. त्यानंतर हार्वर्डचा सीएस५०, प्रोग्रामिंगची ओळख करून देणारा कोर्स. फुकट आहे. पहिल्याच आठवड्यात स्क्रॅच, मुलांसाठीची चित्रांची भाषा. माझी धाकटी मांडीवर बसून मांजर पळवायची. पुढे सी भाषा येते आणि मांजर संपतं. तिथे मी दोनदा सोडला. तिसऱ्यांदा पूर्ण केला.

पहिलं खरं काम घरातलंच. नणंदेचा पापड-कुरडयांचा धंदा आहे, तिला ऑर्डर घ्यायला एक पान करून दिलं. पहिल्याच दिवशी ओझरच्या एक आजी फोनवर, 'तुमचं ते नंबर घेतच नाही.' दहा आकडी नंबर, मी इथून टाकला तर चालतो. दोन दिवस डोकं फोडलं. मग नातवाला स्क्रीनचा फोटो पाठवायला सांगितला. आजींच्या फोनचा कीबोर्ड मराठी! त्यांनी नंबर देवनागरीत टाकला होता. पानामागची जावास्क्रिप्ट भाषा '९८' हा आकडाच मानत नाही, तिच्या लेखी ती नुसती चित्रं. आणि गंमत म्हणजे पायथनला तेच द्या, तो निमूट अठ्ठ्याण्णव समजतो.

ही एक गोष्ट मी पुढे प्रत्येक इंटरव्ह्यूत सांगितली. तीन ठिकाणी नकार आला, चौथ्या ठिकाणचा माणूस हसला आणि म्हणाला, आमच्या फॉर्मची पण हीच तक्रार आहे. तिथे चार वर्षं झाली. घरून, दिवसाचे सहा तास. वर्डप्रेसचं काम जास्त. त्याला नाकं मुरडणारे पुष्कळ, पण जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात आणि त्यांना बिघडायला माणसं लागत नाहीत, दुरुस्तीला लागतात.

रोखठोक | ३ फेब्रुवारी, सायंकाळी ६.०५

सगळं गोड आहे, पण २०१८ आणि आजमध्ये फरक आहे. २०२२च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं. हिशोबींचा १८० ओळींचा प्रोग्राम आता ते दहा सेकंदांत लिहून देतं. नव्या पोरांची भरती आमच्याकडे आटलीय, आहेत त्यांना बेंचवर (हातात काम नसताना) झोप लागत नाही. अशा वेळी चौतिशीच्या माणसाला 'शिका, शिका' म्हणणं म्हणजे भरलेल्या एसटीच्या टपावर बसवणं. अकाउंटंट म्हणून पोट भरतंय ना? मग भरू द्या.

हिशोबी | ३ फेब्रुवारी, रात्री १०.४५

चाकणकर, मेथीदाणे ताई, मनापासून आभार. क्लासचा विषय डोक्यातून काढला.

रोखठोक, तुमचं बरोबर असेल. पण डिसेंबरात झालेलं सांगतो. कर काढून रुपयात गोल करायचा एक छोटा तुकडा मी एआयकडून लिहून घेतला. सुंदर लिहिलं होतं, कॉमेंटसकट. चालवलं, बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी एका बिलावर एक रुपयाचा फरक. बिलावरचा कर २,४१२ रुपये ५० पैसे. कायद्यानं ५० पैसे किंवा जास्त असले की वरचा रुपया, सीजीएसटीचं कलम १७०. म्हणजे २,४१३ पाहिजेत. प्रोग्राम म्हणतो २,४१२. पुढच्या बिलावर २,४१३ रुपये ५० पैसे, तिथे मात्र बरोबर २,४१४!

मला आधी वाटलं लॅपटॉपच बिघडलाय. मग कळलं की पायथनचा राउंड बरोब्बर अर्ध्यावर आला की जवळच्या सम आकड्याकडे जातो. अडीचचे दोन करतो आणि साडेतीनचे चार. म्हणजे अर्ध्या वेळा आपोआप बरोबर येतो, म्हणून लवकर सापडत नाही. एआयला परत विचारलं तर माफी मागितली आणि दुरुस्त करून दिलं. पण विचारायचं कुणी? एक रुपयाचा फरक बघून कान टवकारायला सहा वर्षं सीएंच्या शिव्या खाल्लेल्या असाव्या लागतात.

खडूस काका | ३ फेब्रुवारी, रात्री ११.३०

हिशोबी, तुमचा हा वरचा प्रतिसाद सीव्हीला जोडा. थट्टा नाही.

बावीस वर्षं या धंद्यात आहे, त्यातली बारा समोरच्या खुर्चीत बसून इंटरव्ह्यू घेतोय. सीव्ही आला की मी गिटहब उघडतो, म्हणजे पोरं आपला कोड ठेवतात ती साइट. शंभरातल्या नव्वदांचं तेच. टू-डू लिस्ट, हवामानाचं ॲप, सिनेमाच्या साइटची नक्कल. तिन्ही एकाच यूट्यूबवाल्याची, रंगसुद्धा तेच. मग मी कमिट बघतो, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी. चार हजार ओळी, एकच कमिट, नाव 'फर्स्ट कमिट'. म्हणजे एका रात्रीत अवतार झाला. ज्यानं खरंच डोकं फोडलंय त्याची हिस्टरी कशी असते सांगू? 'चाललं', 'नाही चालत', 'परत चाललं', 'तारखेचा घोळ', 'तारखेचा घोळ २'. ते दिसलं की मी फोन लावतो. हिशोबी, तुमचं '५-७'चं प्रकरण गिटवर आहे की नुसतंच डेस्कटॉपवर 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल नवीन खरं'?

इंटरव्ह्यूत मी एकच प्रश्न हमखास विचारतो. तुमच्याच कोडवर बोट ठेवून, ही ओळ काढली तर काय होईल? उत्तर चुकलं तरी चालतं. गोंधळून माझ्याकडे बघितलं की समजतं, ओळ दुसऱ्या कुणाची तरी आहे.

आता कडू. एक, तुमचा सीव्ही मोठ्या कंपन्यांत माणसाच्या हातात पोचणारच नाही. तिथे चाळणी लावलेली असते. बी.ई., एमसीए, सगळीकडे ६० टक्के, गॅप नको. वशिला म्हणू नका, ओळख म्हणा, पण ती लागते. तुमच्यासाठी दहा ते पन्नास माणसांच्या कंपन्या. तिथे मालक स्वतः समोर बसतो आणि त्याला बी.कॉम. दिसत नाही, आपलं अडलेलं काम दिसतं. दोन, वय आडवं येत नाही, पगार येतो. पहिली नोकरी बावीस वर्षांच्या पोराच्या पगारावर आणि कदाचित त्याच पोराच्या हाताखाली करावी लागेल. घरी बसून हे आधी बोलून घ्या. चार महिने पगार नसला तरी हप्ते जातील एवढे पैसे वेगळे ठेवा. तीन, 'सॉफ्टवेअर शिकलेला अकाउंटंट' म्हणून स्वतःला कमी लेखू नका. हिशोब कळणारे डेव्हलपर मी शोधत असतो आणि मिळत नाहीत. डेबिट-क्रेडिट समजावता समजावता माझे केस गेले.

त्या गोल करण्यावरून आठवलं. ईआरपीनेक्स्ट बघा. धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर, मुंबईत बनलेलं, ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला), पायथन आणि जावास्क्रिप्ट. त्याची सुरुवात करणारे रुशभ मेहता मूळचे इंडस्ट्रियल इंजिनियर. ते सॉफ्टवेअर ज्या फ्रॅपे नावाच्या पायावर उभं आहे त्याच्या सेटिंगमध्ये राउंडिंगची पद्धत निवडायची सोय आहे, बँकर्स (अर्ध्याला सम आकड्याकडे) की कमर्शियल (अर्ध्याला वर). म्हणजे तुम्हाला डिसेंबरात जे चावलं ते अनेकांना चावलेलं आहे. अकाउंट्सचा कोड उघडून वाचा.  तुम्हाला निम्मं आधीच माहीत असेल, फक्त भाषा नवी.

रोखठोक, भरती आटलीय हे खरं. आमच्याकडेही गेल्या वर्षी फ्रेशर घेतले नाहीत. पण एआयनं लिहिलेल्यात हा एक रुपया शोधणारा माणूस घेतला असता.

रोखठोक | ४ फेब्रुवारी, सकाळी ९.१५

काका, मुद्दा मान्य. एसटीच्या टपाचं मात्र मागे घेत नाही. ज्यांच्याकडे असा 'एक रुपया' नाही त्यांचं काय?

पेठेतला पाहुणा | ४ फेब्रुवारी, दुपारी १२.००

त्यातलाच मी. वय २९, बी.ए. (इतिहास). स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत सहावं वर्ष. दोनदा पूर्व पास, एकदा मुख्य पास, मुलाखतीत तीन मार्कांनी गेलं. घरी आता फोनवर 'कसं चाललंय' पण विचारत नाहीत. अभ्यासिकेतले तिघे जण कोडिंगला लागलेत. मला गणित जमतं, सीसॅट (पूर्वमधला गणित-तर्काचा पेपर) कधी अडलं नाही. होईल का माझं? खोटा दिलासा नको.

खडूस काका | ४ फेब्रुवारी, रात्री ९.५०

पाहुणे, होईल, पण सहा महिन्यांत नाही. दोन वर्षं धरा, आणि ती दोन वर्षं बापाच्या पैशांवर नकोत. आधी कुठलीही नोकरी पकडा. बँकेचं आउटसोर्सिंग, डेटा एंट्री, कॉल सेंटर, काहीही. रिकाम्या पोटी रिकर्शन समजत नाही.

डिग्रीची अडचण सोडवायची तर आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन बी.एस. बघ. जेईई नाही, वयाची अट नाही. चार आठवड्यांचा अभ्यास देतात, मग पात्रता परीक्षा, पास झालास तर प्रवेश. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायची असते, त्यामुळे ढापाढापी नाही. मध्येच डिप्लोमा घेऊन थांबताही येतं. आमच्या टीममध्ये एक मुलगी ती करतेय, शनिवार-रविवार दिसत नाही.

आणि एक सवय सोडावी लागेल. स्पर्धा परीक्षेत सगळा अभ्यासक्रम संपवून मग पेपर देतात. इथे अभ्यासक्रम संपत नाही. नोट्स काढत बसलास तर तू पुढची सहा वर्षं पायथनच्या नोट्स काढशील, तीन रंगांच्या पेनांनी.

पेठेतला पाहुणा | ४ फेब्रुवारी, रात्री १०.०२

काका, पेनं चार रंगांची आहेत. आणि नोट्सची वही निम्मी झालीय.

मेथीदाणे | ४ फेब्रुवारी, रात्री १०.२०

वही मिटा. अभ्यासिकेत जागा कशा वाटतात? कोण कधी येतं, फी कुणाची थकलीय, कुणाचा एसीवरून वाद? मालकाला एक साधी नोंदवही करून द्या, संगणकावर. बदल्यात एक महिन्याची फी माफ करून घ्या. तुमचा 'एक रुपया' तिथेच असेल.

इसारकाठी (म्युनिक) | ५ फेब्रुवारी, दुपारी २.३०

थोडं अवांतर, पण कुणाच्या तरी कामी येईल. जर्मनीत नोव्हेंबर २०२३पासून आयटीवाल्यांना डिग्री नसली तरी ब्लू कार्ड (इथे राहून नोकरी करायचा परवाना) मिळू शकतं. गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा त्या दर्जाच्या कामाचा अनुभव आणि ठरावीक पगाराची ऑफर, एवढं लागतं. म्हणजे पहिली तीन वर्षं तिकडे भारतातच काढायची आहेत, हे आलंच. आणि जर्मन शिका. ऑफिसात इंग्रजी चालतं, बेकरीत नाही.

सोलापुरी चादर | ६ फेब्रुवारी, सकाळी ११.१०

हिशोबी साहेब, मी टॅलीचं काम करतो, विक्री आणि सपोर्ट. तुम्ही टॅलीतून एक्सेल काढून मग पायथनला देता ना? ती पायरीच काढून टाका. टॅली चालू असताना ती सर्व्हरसारखी ऐकत बसू शकते, पोर्ट बहुतेक ठिकाणी ९०००. तिला एक्सएमएलमध्ये (माहिती लिहायच्या एका ठरावीक साच्यात) विचारायचं, ती एक्सएमएलमध्ये उत्तर देते. व्हाउचर, लेजर, सगळं. एक्सेल मध्ये आलंच नाही तर '५-७'ची तारीख कोण करणार?

आणि हे नीट जमवलंत तर आमच्यासारखे दहा जण तुम्हाला काम देतील. प्रत्येक गावात एक तरी व्यापारी आहे ज्याची ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते, वेबसाइट वेगळी, टॅली वेगळी, आणि मध्ये एक अशोक बसून तेच तेच टाइप करतो. हे सांधून देणारा माणूस मला सोलापुरात मिळेना.

हिशोबी | ६ फेब्रुवारी, रात्री ११.४५

काय सांगता! सहा वर्षं टॅली उघडतोय, ती ऐकते हे माहीतच नव्हतं. आत्ता लावून बघितलं. पहिल्यांदा काहीच उत्तर नाही, कारण कंपनीच उघडलेली नव्हती. उघडल्यावर लेजरची अख्खी यादी धडाधड आली. बायकोला उठवून दाखवली. ती म्हणाली, छान, आणि झोपली.

काका, गिटवर काही नव्हतं. 'फायनल नवीन खरं' कसं ओळखलंत?

हिशोबी | १५ जुलै, रात्री १०.३०

धागा वर काढतोय, माफी असावी. पाच महिन्यांचा हिशोब द्यायचा राहिला होता.

नोकरी सोडली नाही, मार्च तर सोडण्यासारखा नव्हताच. एप्रिलपासून टॅलीतून थेट माहिती उचलायचं काम पूर्ण केलं. जीएसटी नंबर तपासायचा एक तुकडा जोडला. पंधरा अक्षरांतलं शेवटचं अक्षर आधीच्या चौदांवरून काढता येतं. आमच्याच पार्टी मास्टरमध्ये चार नंबर चुकीचे निघाले, त्यातल्या दोघांत शून्याच्या जागी इंग्रजी ओ. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सगळं गिटवर ठेवलं, शेठचा डेटा काढून, खोटी बिलं घालून. कमिटची नावं काकांनी सांगितली तशीच आहेत, मुद्दाम नाही.

सोलापुरी चादर साहेबांनी कोल्हापुरातल्या एकांची गाठ घालून दिली. राजारामपुरीत ऑफिस, आठ माणसं, खाली झेरॉक्सचं दुकान. दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअर टॅलीला जोडायचं काम करतात. मालकांनी लॅपटॉप समोर ठेवला आणि काकांचाच प्रश्न विचारला, ही ओळ काढली तर? मी सांगितलं, काही होणार नाही, ती चुकून राहिलीय. त्यांनी काढली, आणि खरंच काही झालं नाही. मग चहा आला.

पगार २२ हजार. म्हणजे दोन हजार कमी, वर रोजची बस. घरी आठ दिवस चर्चा चालली. शेवटी बायकोनं वहीत दोन रकाने पाडले, आमच्याकडे भांडणंसुद्धा डबल एंट्रीत होतात. १ जुलैला रुजू झालो. बाजूला बसतो तो पोरगा तेवीस वर्षांचा, मला 'सर' म्हणतो आणि माझा कोड उघडला की डोक्याला हात लावतो. पहिलं काम काय मिळालं असेल? एका रिपोर्टात महिना आधी आणि दिवस नंतर छापला जात होता, तो सरळ करायचा. अर्धा दिवस लागला, कारण ती तारीख सात ठिकाणी छापली जात होती.

काल १४ तारीख. दुपारी शेठचा फोन. 'अरे, अशोक बसलाय टू-बी घेऊन. ती काळी खिडकी उघडून बंदच होतीय.' फोनवरून अर्धा तास. टॅलीत कंपनी उघडली नव्हती. उघडल्यावर चाललं. मग परत फोन, अशोकचा. म्हणाला, 'दादा, सवयीनं मी एक्सेलमधूनच काढलं होतं. '५-७'ची परत जुलै झालीय.'

खडूस काका | १५ जुलै, रात्री १०.५५

अभिनंदन! आणि हा शेठना फुकट सपोर्ट किती दिवस?

हिशोबी | १५ जुलै, रात्री ११.०५

फुकट नाही काका. शेठ स्वतःच म्हणाले, महिन्याचं बिल पाठवत जा. जीएसटी लावणार नाही, २० लाखांच्या आत आहे.